विश्लेषण : मूल बोलले, मोठे गप्प राहिले… बालअत्याचाराची माहिती दडवणे गुन्हा का ठरते?

*शाळांत कॅमेरे लागले, समित्या नेमल्या गेल्या, तक्रारपेट्याही टांगल्या गेल्या. पण मुलाने तोंड उघडल्यानंतर पहिल्या काही तासांत कोणी काय करायचे, याविषयीचा गोंधळ कायम आहे. कायदा मात्र याबाबत स्पष्ट आहे.*

‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ ही पाटी आता लहान गावांतील शाळांच्या फाटकावरही दिसते. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाल्यानंतर राज्य सरकारने शाळांना एका महिन्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. पालकसभांतही पहिला प्रश्न कॅमेऱ्यांचाच असतो. मात्र बदलापूर प्रकरणाचा घटनाक्रम पुन्हा तपासला तर वेगळीच गोष्ट समोर येते. मुलींनी घरी सांगितले होते. पालकांनी ते ऐकले होते आणि डॉक्टरांची तपासणीही करून घेतली होती. गाडी अडली ती त्यापुढे, मोठ्या माणसांच्या टेबलांवर.

बदलापूरमध्ये नेमके कुठे अडले?

ही घटना १२ आणि १३ ऑगस्ट २०२४ची असल्याचे सांगितले गेले. संशयित हा कंत्राटदारामार्फत आलेला सफाई कर्मचारी होता आणि १ ऑगस्टलाच शाळेत कामावर लागला होता. मुलींचे वय चार वर्षांच्या आसपास. पालक पोलीस ठाण्यात पोहोचल्यावर गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्यांना सुमारे बारा तास ताटकळावे लागले, असा आरोप झाला. १६ ऑगस्टच्या रात्री गुन्हा दाखल झाला आणि १७ तारखेला आरोपीला अटक झाली. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखून धरली. लोकल वाहतूक दहा तासांच्या आसपास ठप्प राहिली. त्याच दिवशी विशेष तपास पथक नेमले गेले आणि तीन पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली.

मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने २२ ऑगस्टच्या सुनावणीत पोलिसांच्या दिरंगाईबद्दल ताशेरे ओढलेच, पण आणखी एक थेट प्रश्न विचारला : शाळेने ही माहिती पोलिसांना का दिली नाही आणि त्याबद्दल शाळेवर गुन्हा का दाखल झाला नाही? त्यानंतर संस्थाचालक आणि मुख्याध्यापिका यांच्यावर ‘पोक्सो’च्या कलम २१ खाली कारवाई झाली. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मारला गेला आणि चर्चा चकमकीकडे वळली. कलम २१चा विषय बाजूला पडला. प्रत्यक्षात राज्यातील प्रत्येक शाळा, वसतिगृह, क्लास, दवाखाना आणि सोसायटीला लागू होणारा भाग तोच आहे.

कायदा काय सांगतो?

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायदा, म्हणजेच ‘पोक्सो’, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती या कायद्यासाठी बालक आहे, मुलगा असो की मुलगी. कलम १९नुसार, असा गुन्हा झाल्याची माहिती असलेल्या किंवा तो घडण्याची भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘कोणत्याही व्यक्तीने’ हे शब्द महत्त्वाचे. शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, शेजारी, रिक्षावाले काका, आजी, सगळे त्यात येतात. खुद्द बालकाने मात्र कळवले नाही तर त्याला शिक्षा होत नाही. हॉटेल, लॉज, रुग्णालय, क्लब, छायाचित्र स्टुडिओ आणि प्रसारमाध्यमांसाठी कलम २० स्वतंत्रपणे हीच जबाबदारी टाकते.

माहिती दडवली तर कलम २१नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. एखाद्या संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर शिक्षा एक वर्षापर्यंत आणि सोबत दंड. तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाही हेच कलम लागते, हे फार कमी लोकांना माहीत असते. दुसऱ्या बाजूने कायद्याने संरक्षणही दिले आहे. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर, पुढे ती माहिती सिद्ध झाली नाही तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई करता येत नाही. ‘उद्या खोटे निघाले तर मीच अडकेन’ ही शिक्षकांची नेहमीची भीती म्हणूनच निराधार आहे. शिक्षा आहे ती जाणूनबुजून, बदनामीच्या किंवा खंडणीच्या हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीला.

‘आधी शाळेत चौकशी करू’ हे का चालत नाही?

कार्यालयातील लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असते, ती चौकशी करते, अहवाल देते. अनेक शाळा हीच पद्धत मुलांच्या बाबतीतही वापरतात. तिघांची समिती बसते, संबंधित कर्मचाऱ्याला बोलावले जाते, मुलीला त्याच्यासमोर पुन्हा विचारले जाते, मग संस्थाचालकांच्या कानावर घातले जाते. पोक्सोमध्ये याला जागा नाही. खरे-खोटे करणे हे पोलीस आणि न्यायालयाचे काम आहे. शाळेचे काम कळवण्याचे. या ‘घरच्या’ चौकशीत जातो तो वेळ आणि त्या वेळेत वैद्यकीय पुरावा जातो. शिवाय चार वर्षांच्या मुलाला पाच जणांनी पाच प्रकारे विचारले की त्याचे सांगणे प्रत्येक वेळी थोडे बदलते. न्यायालयात बचाव पक्षाचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवतो.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातीलच प्रकरणात आला आहे. २०१९मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. पीडित मुलींची संख्या १७ होती. वसतिगृहातील मुलींवर उपचार करण्यासाठी नेमलेल्या डॉक्टरवर, माहिती असूनही पोलिसांना न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. राज्य सरकार अपिलात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा आदेश फिरवला. डॉक्टरला सांगितल्याचा उल्लेख नोंदवलेल्या जबाबांत असताना खटल्याआधीच गुन्हा रद्द करणे चूक आहे, असे न्यायालयाने म्हटले. तातडीने आणि योग्य रीतीने माहिती देणे हा या कायद्याचा पायाच आहे, ते झाले नाही तर कायद्याचा हेतूच फसतो, असा या निकालाचा गाभा आहे. गुन्हा करणारा आणि तो लपवणारा यांचा हिशेब वेगवेगळा मांडला जातो, हे या निकालाने पक्के केले.

तरीही एक वर्ष कैदेचा गुन्हा जामीनपात्र असतो. मोठ्या संस्थेच्या चालकाला या शिक्षेचा धाक किती वाटत असेल, हा प्रश्न आहेच. शाळेचे नाव खराब होण्याची भीती त्याहून मोठी असते. प्रवेश कमी होतील, अनुदान अडेल, पालक टीसी मागतील. माहिती दडवली जाते ती बहुतेक वेळा कोणा राक्षसाच्या सांगण्यावरून नव्हे, तर अशा साध्या हिशेबातून.

पोलीस ठाण्यात काय व्हायला हवे?

मुलाला पोलीस ठाण्यात आणण्याची गरजच नाही. जबाब त्याच्या घरी किंवा त्याला जिथे मोकळे वाटेल तिथे घ्यायचा. शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. मुलाचा विश्वास असलेली मोठी व्यक्ती सोबत हवी. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समिती आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, तीही पालक किंवा विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत.

हद्दीचा मुद्दाही आता निकाली निघाला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात त्याची नोंद घ्यावी लागते. ‘ते आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर कायद्याला धरून नाही. रुग्णालयालाही ‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ असे म्हणता येत नाही. पोक्सो नियम २०२०नुसार तातडीच्या उपचारांसाठी कसलाही कागद मागायचा नाही, आणि नव्या संहितेनुसार सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने हे उपचार मोफत करायचे आहेत.

खटला सुरू झाल्यावर मूल आणि आरोपी समोरासमोर येणार नाहीत याची काळजी न्यायालयाने घ्यायची असते. वकिलाचे प्रश्नही न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. मुलाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात पूर्ण व्हावा, असे कलम ३५ म्हणते. ‘शक्यतो’ या शब्दात बरेच काही मावते. या सगळ्या काळात कुटुंबाला पोलीस, रुग्णालय आणि न्यायालयाच्या फेऱ्यांत मदत करण्यासाठी ‘सहायक व्यक्ती’ नेमण्याची तरतूद आहे. ती कागदावर राहू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२३मध्ये स्वतंत्र निर्देश द्यावे लागले. आपल्याला अशी व्यक्ती मिळू शकते, हे पालकांनी बाल कल्याण समितीला आवर्जून विचारावे.

मग कॅमेरे आणि समित्या कशासाठी?

२१ ऑगस्ट २०२४च्या शासन निर्णयात कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती आणि विद्यार्थी सुरक्षा समिती या गोष्टी होत्या. यातील अर्ध्या आधीपासूनच होत्या. तक्रारपेटीचा निर्णय २०१७चा आणि सखी सावित्री समितीचा १० मार्च २०२२चा. दोन ते सात वर्षांपूर्वी झालेल्या गोष्टी नव्याने कराव्यात असे सरकारला पुन्हा लिहावे लागले, यातच त्यांची अंमलबजावणी किती झाली होती ते कळते.

याच शासन निर्णयात अनुचित प्रकार घडल्यास २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्यास सांगितले आहे. येथे एक घोटाळा होतो. मुख्याध्यापक शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र पाठवतात आणि जबाबदारी संपली असे समजतात. ती संपत नाही. कलम १९मध्ये शिक्षणाधिकारी कुठेच नाहीत, तिथे फक्त पोलीस आहेत. विभागाला कळवणे हे प्रशासकीय काम, पोलिसांना कळवणे हे कायद्याचे.

कॅमेऱ्याचे म्हणाल तर तो पुरावा देतो, पण तीन गोष्टी जमल्या तरच. चित्रण साठवणारी यंत्रणा चालू हवी, ते पुरेसे दिवस टिकायला हवे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे हे ठरलेले हवे. साठवणीची जागा भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चढते. तक्रार यायला तीन आठवडे लागले आणि चित्रण पंधरा दिवसच टिकत असेल, तर कॅमेरा असून नसल्यासारखा. बदलापूरच्या शाळेतील त्या काळातील चित्रण गायब असल्याचे तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले होते. शिवाय तेथील घटना स्वच्छतागृहाशी संबंधित होती आणि तिथे कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. तिथे गरज असते ती लहान मुलींसोबत जाणाऱ्या महिला सेविकेची. कॅमेऱ्याचे बिल एकदाच येते, सेविकेचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

चारित्र्य पडताळणीचीही मर्यादा आहे. ज्याच्यावर कधीच गुन्हा नोंदला गेला नाही त्याचा दाखला कोराच येणार. एका शाळेने प्रकरण दाबून माणसाला ‘राजीनामा दे आणि जा’ सांगितले, तर पुढच्या शाळेला तो स्वच्छच दिसतो. म्हणजे इथेही गाडी पुन्हा कलम १९पाशीच येऊन थांबते.

ओळखीचाच माणूस असेल तर?

बहुतेक वेळा तसेच असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षे एक गोष्ट बदललेली नाही : पोक्सोच्या गंभीर गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, कुटुंबाचा मित्र, शिकवणारा. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला होता आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. मुलग्यांबद्दलचा हा आकडा आजही ऐकणाऱ्याला खरा वाटत नाही. मुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती आहे, मुलग्यांसाठी मात्र वेगळे बोलणारे फारसे कोणी नाही.

आरोपी काका किंवा मामा असतो तेव्हा घरात बैठक बसते. ‘घराण्याची अब्रू’, ‘उद्या पोरीचे लग्न कसे होणार’, ‘तो कमावता आहे’. बदलापूर स्थानकात फाशीच्या घोषणा झाल्या. २०१९च्या दुरुस्तीनंतर गंभीर स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराला किमान २० वर्षे कैद आणि कमाल फाशी अशी तरतूद आहेच. अनोळखी माणसाबद्दल या शिक्षेचा आग्रह धरणे सोपे असते. पण आरोपी घरातला असेल, तर हीच कठोर शिक्षा तक्रार न करण्याचे आणखी एक कारण ठरते. मुलाने सांगितल्यानंतर ‘तुझ्यामुळे मामाला फाशी होईल’ असे त्याला ऐकवले गेले, की ते मूल पुढे काही बोलत नाही.

सक्तीची दुसरी बाजू

माहिती देण्याच्या सक्तीने सगळेच भले होते असे नाही. मराठवाड्यातील ऊसतोड पट्ट्यात ती बाजू ठळक दिसते. ऊसतोडीसाठी मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. सहा महिने कारखान्याच्या फडात जाताना वयात आलेली मुलगी गावात कोणाकडे ठेवायची, या काळजीतून अनेकदा तिचे लग्न उरकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के महिलांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१७च्या निकालानंतर १८ वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हाही गुन्हाच आहे. त्यामुळे १७ वर्षांची गरोदर मुलगी प्राथमिक आरोग्य केंद्रात आली की डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते आणि नवऱ्यावर गुन्हा दाखल होतो. ही धास्ती असलेले कुटुंब मग वय वाढवून सांगते किंवा तपासणीलाच येत नाही. ज्या मुलीला दवाखान्याची सर्वाधिक गरज आहे तीच दवाखान्यापासून लांब राहते. आशा सेविकेची कोंडी तर वेगळीच. तिला त्याच गावात राहायचे असते.

शहरांत हाच पेच कॉलेजवयीन जोडप्यांच्या बाबतीत येतो. पोक्सो येण्याआधी संमतीचे वय १६ होते, ते १८ झाले. मुलीच्या घरच्यांना पसंत नसलेल्या प्रेमप्रकरणात मुलावर पोक्सो लागल्याची उदाहरणे न्यायालयांपुढे वारंवार येतात. वय कमी करू नये, मात्र १६ ते १८ वयोगटातील संमतीच्या प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत मोकळीक द्यावी, अशी शिफारस विधी आयोगाने सप्टेंबर २०२३च्या २८३व्या अहवालात केली. त्याआधी, २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही, असा मधला मार्ग काढला. हा निकाल तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत किती पोहोचला आहे, हा भाग वेगळा.

हातातल्या मोबाइलचे काय?

प्रत्येक मोठ्या घटनेनंतर व्हॉट्सॲपवर ‘जनजागृतीसाठी पुढे पाठवा’ अशा ओळीसह चित्रफिती फिरू लागतात. पीडित मुलाचे नाव, पत्ता, शाळा, कुटुंब, छायाचित्र यांपैकी ओळख पटेल असे काहीही प्रसारमाध्यमांतून उघड करणे कलम २३नुसार गुन्हा आहे. ग्रुपमध्ये सहानुभूतीने टाकलेला फोटोही मुलाचे नुकसानच करतो.

अत्याचाराचे चित्रण असेल तर मामला आणखी गंभीर होतो. २३ सप्टेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठाने मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल रद्द ठरवला. असे चित्रण पुढे न पाठवता नुसते जवळ बाळगणे हाही कलम १५खाली गुन्हा ठरू शकतो, असे या निकालात स्पष्ट झाले. त्याला ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ म्हणू नका, ते लैंगिक शोषण आणि अत्याचाराचे साहित्य आहे, असेही न्यायालयाने सांगितले. ग्रुपवर असे काही आले तर ते पुढे पाठवून ‘हे बघा काय चालले आहे’ असे कोणाला विचारू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते.

मूल सांगू लागले तर…

ते थांबेपर्यंत ऐकावे आणि त्याचेच शब्द, तारीख व वेळेसह लिहून ठेवावेत. ‘नक्की ना?’, ‘तू तेव्हाच का नाही ओरडलीस?’ असे प्रश्न टाळावेत. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत, ते प्लास्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवावेत आणि थेट रुग्णालय गाठावे. शाळेला नंतर कळवले तरी चालते, शाळेची परवानगी लागत नाही. पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी. नोंद घेतली जात नसेल तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते आणि बाल कल्याण समितीकडेही जाता येते.

‘चाइल्डलाइन’चा १०९८ हा क्रमांक १९९६मध्ये मुंबईत सुरू झाला. आता तो केंद्र आणि राज्य सरकारच्या यंत्रणेमार्फत चालतो आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेला आहे. तो दिवसरात्र सुरू असतो, त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि मूल स्वतःही तो फिरवू शकते.